पुरुषी तापाचं प्रमाणपत्र

६ ऑक्टोबर

बांधणीत तिरकी शिवली गेलेली एक कोरी वही छापखान्याच्या मालकांनी आज मला देऊन टाकली. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरणाऱ्या मुद्रितशोधकाला चुकलेली वही, असा त्यांचा विनोद असावा. मी ठेवून घेतली. फुकटातलं नाकारू नये, आणि आज लिहिण्याजोगं काहीतरी घडलंही आहे.

संध्याकाळी आम्ही नवराबायकोने दवाखान्यात जाऊन फ्लूची लस टोचून घेतली. डॉक्टरीणबाई आमच्या जुन्या ओळखीच्या. हात हलका, जीभ तिखट. परत येताना वाटेतच हिचा दंड ठणकायला लागला, घरी पोचेपर्यंत सुजला, आणि जेवायच्या वेळी अंगात शंभर ताप. मी ठणठणीत. रोजच्यापेक्षा चार घास जास्तच जेवलो.

"पाहिलंस?" मी म्हणालो. "याला म्हणतात प्रकृती. सुई टोचली होती हेसुद्धा मला आठवत नाहीये."

"तुम्हाला काय आठवतं?" ही पांघरुणातून म्हणाली. "आपल्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली, तेही मीच सांगितलं."

विषय बदलण्यात हिचा हात कोणी धरणार नाही.

७ ऑक्टोबर

ताप सकाळी गेला. ही उठली आणि कामाला बसली. घराची पुढची खोली हिची. दातांचे डॉक्टर लोकांच्या तोंडाचे ठसे पाठवतात, त्यावरून ही प्लास्टरचे जबडे ओतते, मेणात एकेक दात बसवते आणि कवळ्या बनवते. खिडकीच्या कट्ट्यावर पंधरा-वीस जबडे कायम मांडलेले असतात. नवा माणूस आला की दचकतो. मला सवय आहे. या घरात मला पाहून हसणारे तेवढेच.

आज हिच्या उजव्या हातातून मेणाची सुरी दोनदा पडली. लशीचा परिणाम. लस डाव्या दंडात दिली होती हे खरं, पण शरीर एकच असतं ना.

१० नोव्हेंबर

मी चाललो.

१०२ ताप आहे. डोळ्यांच्या मागे कोणीतरी खिळे ठोकतंय. छापखान्यातल्या यंत्रवाल्याने चार दिवस माझ्या तोंडावर खोकून घेतलं, त्याचं हे फळ. लस घेतलेल्या माणसाला फ्लू व्हावा, हा विश्वासघात आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, लस नसती तर आणखी वाईट झालं असतं. याहून वाईट काय असतं ते त्यांनी सांगितलं नाही.

हिला काही नाही. त्याच खोलीत झोपते, माझाच रुमाल धुते, आणि वर गुणगुणते.

"माझ्यामागे तुझं कसं होईल?" मी विचारलं.

"पलंगावर पाय पसरून झोपता येईल," ही म्हणाली आणि पाण्याचा पेला ठेवून गेली.

११ नोव्हेंबर

आजचा दिवस सोन्याच्या अक्षरांनी लिहायला हवा, पण हातात ताकद नाही.

लेकीचा फोन आला. ती परगावी एका प्रयोगशाळेत रोगप्रतिकारशक्तीवर काम करते. आईने तिच्याकडे माझी चुगली केली होती. मी फोन घेतला आणि शक्य तेवढ्या क्षीण आवाजात म्हणालो, "बाळ, तुझी आई माझ्या आजारपणाला हसते."

"बाबा, तुमची तक्रार अगदीच पोकळ नाहीये," ती म्हणाली. मी उठून बसलो. "लस घेतल्यावर आईचा दंड सुजला होता ना? ती तिच्या शरीरातल्या शिपायांची कवायत होती. बायकांच्या अंगात इस्ट्रोजेन जास्त असतं. ते या शिपायांना बऱ्याचदा चेव आणतं. पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन त्यांना आवर घालतं. म्हणून त्याच लशीने बायकांमध्ये बहुतेक वेळा अँटिबॉडी जास्त तयार होतात."

"आणि माझे शिपाई?"

"तुमचे बहुधा विड्या ओढत बसले असतील."

"म्हणजे पुरुषाचा ताप खरोखरच जास्त जोरदार असतो?"

"काही अभ्यासांत तसं दिसतं. पण बाबा, या गोष्टीची दुसरी बाजूही..."

मी फोन हिच्याकडे दिला. तापलेल्या माणसाला दुसऱ्या बाजू पेलवत नाहीत.

मग मी एका कोऱ्या पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं: 'पुरुषांचा ताप हे नाटक नव्हे. आधार: विज्ञान.' पुठ्ठा पलंगाच्या डोक्याशी टाचला. हिने तो दोनदा वाचला.

"छान. मिशा ठेवायच्या म्हणजे एवढं सोसायलाच हवं," म्हणाली.

१३ नोव्हेंबर

विज्ञानाचं उत्तर विज्ञानानेच द्यायचं. आजपासून दोघांचा ताप रोज दोनदा मोजणार आणि इथे लिहिणार. शिवाय एक रकाना 'उपचारातील दिरंगाई' म्हणून. सकाळचा चहा माझ्या हातात किती वाजता पडतो, ते त्यात. हक्काची वेळ साडेसहा.

मी: १०१.४. ही: ९९.३. चहा ६.४०.

१७ नोव्हेंबर

मी: ९८.४. ही: ९९.४. चहा ७.०५.

थर्मामीटर बिघडला आहे. मी एवढा अशक्त आणि मला ताप नाही. ही दिवसभर काम करते आणि हिला कणकण? तीन वेळा झटकून पाहिला, तेच. यंत्रसुद्धा बायकांच्या बाजूचं.

२४ नोव्हेंबर

ताप गेला, खोकला आहे, नोंदी चालू आहेत. मी: ९८.२. ही: संध्याकाळी पुन्हा ९९.४. चहा ७.२०.

सात वीस! आणि तोही कपात नाही, पेल्यात. विचारलं तर म्हणे, कपाचा कान फार बारीक आहे. हेच कप अकरा वर्षं वापरतोय. कान आत्ता बारीक झाले काय? स्वतःही पेला दोन्ही तळव्यांत धरून पिते, थंडीत कुडकुडणाऱ्या माणसासारखी. आळस चढला की शंभर सबबी सुचतात.

एक गोष्ट मात्र बरी झाली. आठवडाभर डबे आणि बाटल्या उघडायला मलाच हाक मारते. "अहो, जरा हे झाकण..." आजारातून उठलेल्या पुरुषाचं मन कसं राखावं, ते तिला कळतं. आज एका दमात चार बरण्या उघडून दिल्या. टेस्टोस्टेरॉनचा काहीतरी उपयोग असणारच.

२७ नोव्हेंबर

हिच्या बोटात अंगठी नाही. साबण लावून काढली म्हणे, आणि दोऱ्यात ओवून गळ्यात घातली आहे. "बोटात रुतते," म्हणाली. पंचवीस वर्षं रुतली नाही. मला लागलं. चहा ७.३०.

१ डिसेंबर

दातांचे डॉक्टर स्वतः घरी आले. एरवी माणसाबरोबर पिशवी पाठवतात. दोन कवळ्या परत आणल्या होत्या. एकीत चावताना खट् आवाज येतो, दुसरीत समोरचा दात केसभर तिरका.

"बाई, पंधरा वर्षांत तुमचं काम कधी परत आलं नाही," ते म्हणाले. "मला दुसरीकडे जायचं नाही. पण त्या नव्या कारखान्यात यंत्रं आहेत आणि ते माझ्या मागे लागलेत. बँडमास्तरांची कवळी तुमच्याकडे आहे. ट्रम्पेट वाजवणारा माणूस, त्याला ओठामागे दात चोख लागतात. तीही परत आली, तर माझा नाइलाज होईल."

ही "हो" म्हणाली. दोन्ही हात पदराखाली होते.

ते गेल्यावर मी तिला समजावलं. आमच्या छापखान्यात नियम आहे: पहिली दोन प्रुफं ज्याने वाचली, त्याने तिसरं वाचायचं नाही. मजकूर पाठ झाला की डोळा तिथे नसलेलं अक्षरसुद्धा वाचतो. तिसरं प्रूफ परक्या नजरेलाच द्यायचं. "तुझंही तसंच झालंय," मी म्हणालो. "कवळ्या करून करून नजर बथ्थड झाली. आणि त्यात माझ्या दुखण्याची काळजी. मी समजू शकतो."

हिने परत आलेल्या कवळ्या दोन्ही तळव्यांत धरून कट्ट्यावर ठेवल्या. "तुम्ही समजू शकता," म्हणाली.

बरं वाटलं.

८ डिसेंबर

सकाळी उठून पाहिलं तर ही पुढच्या खोलीत, दोन्ही हात गरम पाण्याच्या घमेल्यात बुडवून बसलेली. "मेण मऊ करतेय," म्हणाली. पाण्यात मेण दिसलं नाही. विरघळलं असेल. चहा ७.४५, आणि तो मी स्वतः केला, हे इतिहासात नमूद राहावं.

१२ डिसेंबर

खोकल्याचं निमित्त करून दवाखान्यात गेलो. खरा हेतू शक्तीचं औषध आणि डॉक्टरी सहीचं प्रमाणपत्र, हा होता. पुठ्ठ्यावरच्या लिखाणाला घरात किंमत नाही. पुरावा म्हणून ही वही सोबत नेली.

डॉक्टरीणबाईंनी माझी छाती तपासली, "फुप्फुसं तुमच्या तक्रारींपेक्षा स्वच्छ आहेत," म्हणाल्या आणि वही उघडली. सुरुवातीला हसत होत्या. मी मनात म्हटलं, सही मिळाली. मग हसणं थांबलं. पानं मागे-पुढे उलटायला लागल्या. पेन्सिल घेऊन समासात खुणा केल्या. माझ्या वहीत दुसऱ्या कोणी खुणा केल्याची ही पहिलीच वेळ.

"ही ९९.४ कोणाची?"

"थर्मामीटर बिघडलाय, त्याचं..."

"थर्मामीटरला काही झालेलं नाही. चहाला उशीर का होतो, विचारलंत?"

"आळस."

"झाकणं तुम्ही उघडता. कप धरवत नाही. सुरी पडते. अंगठी निघाली. गरम पाण्यात हात." त्या एकेका ओळीवर पेन्सिल टेकवत गेल्या. "सकाळी उठल्यावर त्यांची बोटं मिटत नसणार, म्हणून चहा होत नाही. दहा मिनिटांवरून सव्वा तासापर्यंत गेलंय हे. एवढी चोख नोंद माझ्याकडे कोणी रोगी आणत नाही. फक्त तुम्ही ती चुकीच्या रोग्याची समजून ठेवलीत."

पानं माझीच, अक्षर माझंच, रकाने मी आखलेले. सगळं मी पाहिलं होतं आणि काहीच वाचलं नव्हतं. मला माझी भयंकर लाज वाटली. खोकलासुद्धा यायचा थांबला.

"उद्या सकाळी घेऊन या त्यांना," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि प्रमाणपत्र हवंच असेल, तर देते. त्यावर काय लिहू ते मात्र मी ठरवीन."

१३ डिसेंबर

ही यायला तयार नव्हती. काल संध्याकाळी वही पुढे टाकली आणि म्हणालो, "हात दाखव."

"कशाला? भविष्य बघताय?"

"दाखव म्हणतो ना."

दाखवले. बोटांच्या मुळाशी सूज, दोन्ही हातांना सारखीच. इतक्या दिवसांत या हातांनी मला पाण्याचे किती पेले दिले असतील.

"कधीपासून?"

"उन्हाळ्याच्या शेवटापासून. माझी पाळी जायला लागली, त्याच सुमारास."

"आणि बोलली नाहीस?"

"कोणाला बोलू? दातांच्या डॉक्टरांना कळलं तर काम गेलं. आणि घरात एका वेळी एकच रोगी पुरे, ती जागा तुम्ही अडवून बसला होतात." मग आवाज खाली गेला. "माझ्या आईची बोटं पाहिली होतीत ना तुम्ही?"

पाहिली होती. सासूबाईंची बोटं एका बाजूला झुकलेली असत, शेवटी घास दुसऱ्याने भरवावा लागे. ही त्याच भीतीने महिनोन्‌महिने तोंड मिटून होती, आणि मी पलंगावर पुठ्ठे टाचत होतो.

डॉक्टरीणबाईंनी हिची बोटं एकेक करून दाबली. ही "आई गं" म्हणाली नाही, पण माझी बाही धरली. रक्त घेतलं, हातांचे एक्स-रे काढले, सांध्यांच्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली. मी विचारलं, लशीमुळे तर नाही झालं? "बोटं उन्हाळ्यापासून दुखतायत, लस ऑक्टोबरात घेतलीत," त्या म्हणाल्या. "तारखा तुम्हाला कळतात असं मी समजत होते."

२० डिसेंबर

निकाल आला. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. आजाराचं नाव इतकं अवघड, की ते बरोबर लिहिलं आहे की नाही हे मी तीनतीनदा तपासत बसलो. तेवढीच दोन मिनिटं रडू आलं नाही.

सांध्यांचे डॉक्टर शांत माणूस. त्यांनी सांगितलं ते असं: शरीराचे शिपाई बाहेरच्या शत्रूसाठी असतात. हिचे मूळचेच तडफदार. पण कधीकधी त्यांना घरचं कोण, परकं कोण, ते कळेनासं होतं आणि ते सांध्यांवरच तुटून पडतात.

"कुंपणच शेत खातंय म्हणा की," ही म्हणाली.

"अगदी तसंच. असे आजार बायकांमध्ये बरेच जास्त दिसतात. हा तर पुरुषांच्या दोन-तीन पट. त्यात हार्मोन्सचा हात आहे. सगळा नाही, घराण्याचा वारसा आहे, इतर कारणंही आहेत. पण हार्मोन्स वरखाली होतात तेव्हा हे दुखणं डोकं काढतं. बाळंतपणानंतर कधी असं झालं होतं?"

"लेक झाली तेव्हा. चार महिने बोटं दुखत होती. मग आपोआप थांबली."

मला ते चार महिने आठवतात. ही लेकीला उचलून माझ्याकडे द्यायची आणि मी म्हणायचो, मी बाप झाल्याचं हिला किती कौतुक आहे.

"सांधे अजून खराब झालेले नाहीत," डॉक्टर म्हणाले. "आता औषध सुरू करू. शिपायांना लगाम घालायचं औषध आहे. परिणामाला दीड-दोन महिने लागतील. वेळेत आलात."

घरी येऊन लेकीला फोन केला. ती आधी रडली, मग चिडली. "त्या दिवशी मी हेच सांगत होते! म्हटलं ना, दुसरी बाजू आहे. जी ताकद आईला फ्लूपासून वाचवते, तीच कधी उलटते. तुम्ही फोनच सोडलात."

तो पुठ्ठा मी काढला. ही म्हणाली, "राहू द्या हो, विज्ञान आहे." मी तरी काढला.

२३ डिसेंबर

औषध सुरू झालं, पण बँडमास्तर दीड-दोन महिने बिनदाताचे थांबणार नाहीत. कवळी पाच जानेवारीला हवी. आज हिने मेणाची सुरी धरून पाहिली, तीन मिनिटांत खाली ठेवली, आणि खिडकीकडे तोंड करून बसली.

"मी बसवतो दात," मी म्हणालो.

"तुम्हाला शर्टाचं बटण लावता येत नाही."

"मला केसभर तिरकं अक्षर दिसतं."

ही वळली. "हात धुऊन या," म्हणाली.

२८ डिसेंबर

सहा दिवसांत सात वेळा दात बसवले, सात वेळा उपटले. मेण दिव्यावर तापवायचं, दात टोचायचा, बाजू निरखायची. बोटं भाजली, भुवई थोडी जळली. ही खुर्चीत मागे टेकून हुकूम सोडते.

"तो सुळा रागावलाय. जरा आत घ्या."

"आला आत."

"आता शेजाऱ्याशी त्याचं भांडण लावलंत. काढा दोन्ही."

"छापखान्यात कोणी माझ्याशी असं बोलत नाही."

"म्हणूनच असे झालात."

आठव्या खेपेला मीच थांबलो. वरचा डावा दात खालच्यावर टेकताना आधी लागत होता, अगदी कागदाएवढा. हिला दिसलं नव्हतं. मी बोट ठेवलं. ही पुढे झुकली, डोळे बारीक केले, आणि म्हणाली, "अय्या, हो की." पंचवीस वर्षांत हिने माझं एवढं कौतुक एका वेळी केल्याची नोंद माझ्याकडे नाही.

५ जानेवारी

बँडमास्तर आले. दातांचे डॉक्टरही आले, बहुधा शेवटचं बघून घ्यायला. म्हातारबुवांनी कवळी तोंडात बसवली, दोनदा चावून पाहिलं, ट्रम्पेट काढला आणि आमच्या दहा बाय दहाच्या खोलीत असा फुंकला, की कट्ट्यावरचा एक जबडा खाली पडून फुटला. शेजारी धावत आले. बँडमास्तरांच्या डोळ्यांत पाणी.

"चार वर्षांनी हा सूर लागला," ते म्हणाले. "कोणी केली ही?"

"मी," ही म्हणाली. "हात यांचे होते."

माझ्या भाजलेल्या बोटांचा त्यात एवढाच उल्लेख. मग हिने दातांच्या डॉक्टरांना सगळं सांगितलं, काही न लपवता. "तीन महिने निम्मंच काम पाठवा," ही म्हणाली. "हे सुट्टीच्या दिवशी माझ्या हाताखाली आहेत. शिकतायत. जरा मंद आहेत, पण नजर चांगली आहे."

डॉक्टरांनी कवळी भिंगाखाली फिरवून पाहिली. "निम्मं पाठवतो," म्हणाले.

१४ फेब्रुवारी

बोटं सुटायला लागणारा वेळ, मिनिटांत: आधी पंचाहत्तर, मग साठ, मग पंचेचाळीस. आज पस्तीस. हे आकडे मी आता तिला विचारून लिहितो. हिला मळमळ होते, दर रविवारी गोळी घेतली की दुसरा दिवस वाईट जातो. तरी काल पंधरा मिनिटं सुरी धरली. मी बघितल्याचं न दाखवता बघत होतो. दर सोमवारी छापखान्यात जाताना मला भीती वाटते की औषध थांबलंय, लागू पडत नाहीये. हे तिला सांगत नाही.

२७ फेब्रुवारी

ही आजारी पडली. साधी सर्दी. छापखान्यातून मीच आणली, दोन शिंकांवर निभावून नेली आणि हिला देऊन टाकली. लगाम घातलेले शिपाई या खेपेला जागचे हलले नाहीत.

१००.८. डॉक्टरांनी बजावून ठेवलं आहे, या औषधावर ताप आला तर लगेच कळवायचं. कळवलं. या आठवड्याची गोळी थांबवा, उद्या आणून दाखवा, घाबरू नका, असं म्हणाले. पहिली गोष्ट केली, दुसरी उद्या करीन, तिसरी जमत नाहीये.

दिवसभर हिच्याजवळ बसलो. नाक लाल, डोळे बारीक, कण्हणं असं की मी नोव्हेंबरात काढलेले आवाज त्यापुढे काहीच नव्हते.

"अहो, डोळ्यांच्या मागे ठोके पडतायत. अंगात जीव नाही. मी काही यातून उठत नाही."

"उठशील."

"पंचवीस वर्षांत मला असं कधी झालं नव्हतं हो." मग म्हणाली, "तुम्हाला असंच होत असणार. आणि मी हसले. तुम्ही नाटक करत नव्हतात."

हे वाक्य ऐकायला मी लग्नापासून थांबलो होतो. सही-शिक्क्यासह चौकटीत लावावं असं वाक्य. आणि माझ्या तोंडून निघालं, "थोडं करत होतो."

"किती थोडं?"

"निम्मं."

"निम्मं?"

"बरं, निम्म्याहून जरा जास्त."

ही हसली, हसता हसता ठसका लागला, आणि तो ओसरेपर्यंत तिने माझा हात धरून ठेवला. पाची बोटांनी. एवढ्या जोरात, की माझी हाडं एकमेकांवर घासली आणि मी "ओय!" करून ओरडलो.

ठसका थांबला. हिने आधी स्वतःच्या मुठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हे नाटक की खरं?"

"खरं," मी म्हणालो. "अजून दाब."